वादळाचं प्रकरण

दमट पुस्तकाचा वास आला की माहेरची, पासलीतली ती दुपार आठवते. शिडाच्या बोटीवर राहायला जायचं आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं आणि तयारीसाठी जाणत्यांनी सुचवलेली इंग्रजी पुस्तकं मी माहेरी वाचत बसले होते. त्या बेतामुळे अबोला धरलेले वडील भातखाचरातून आले, ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "वादळाचं काय लिवलंय त्येच्यात? वाच." शीड कधी उतरवायचं, कमरेला दोर कसा बांधायचा, ते मी मराठीत सांगत गेले. "आन् तरीबी कुनी पान्यात पडलं तर?" मी तेही वाचलं. उठता उठता ते म्हणाले, "दोगं बी हे पाठ करा. मंग जावा." आजही बंदराला लागलो की पहिला फोन मी त्यांनाच करते. 'पोचलो' एवढं ऐकतात आणि मोबाईल आईकडे देतात.