उभ्या तुरीतली पायवाट

निजामाची राजवट अजून होती तेव्हाची गोष्ट. तुळजापूरच्या अलीकडं माझं सहा एकर रान होतं. बापजाद्यांचं नव्हे, गावोगाव मीठ विकून, घासाघीस करून मी घेतलेलं. त्यातून मधोमध पायवाट जायची. बांधानं गेलं तर लांब पडायचं, म्हणून बाजाराला निघालेला जो तो तिथूनच जायचा. ओरडून माझा घसा बसला, पण वाट मोडली नाही.

त्या साली मी आंबे लावायला कमरेएवढे खड्डे घेतले. वासरं पडू नयेत म्हणून वर काटक्या आणि कडबा पसरला. एका सकाळी गावचा पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून वाटेनं निघाला आणि एका खड्ड्यात गेला. पाय मोडला. गाद्या-रजया भरायचे ऐन थंडीचे दिवस, त्यावरच त्याच्या घराचं वर्ष निघायचं, आणि तो खाटेवर.

चावडीवर बोलावणं आलं. आमच्याकडचा रिवाज साधा होता. पीक उभं असताना रानात शिरलं तर शिरणाऱ्यानं आपलं आपण पाहावं. पीक निघालं की रान गावाला मोकळं. मग कुणाला इजा झाली तर कसूर मालकाची. अडचण एवढीच, की माझी ज्वारी निघाली होती आणि तिच्यातल्या तुरीच्या ओळी अजून उभ्या होत्या. मग रान मोकळं की बंद? डोकं तापलेलं असूनही मला त्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"तूर उभी हाय. रान बंद," मी म्हणालो.

"धसकटात तुमचे बैल चरत होते का न्हाय?" पाटलांनी विचारलं.

"चरत होते. माझेच हायेत."

"म्हंजी बैलाला मोकळं अन् माणसाला बंद!" एक म्हातारा म्हणाला. चावडी हसली.

पाटील मात्र विचारात पडले. "पिंजारी तुरीतनं चालला, का दोन ओळींतल्या रिकाम्या पट्ट्यातनं?"

"म्हंजी सहा हात रान बंद अन् सहा हात मोकळं? एका रानात दोन कायदे?" मी विचारलं.

"पिकं दोन हायेत की."

"मग गडी रान ओलांडताना दर पावलाला कायदा बदलत चालला म्हणा!"

मी जिंकत आलो होतो. तेवढ्यात खाटेसकट आणलेला पिंजारी बोलला.

"शेठ, आंबा किती हातावर लावत्यात?"

"वीस," मी ऐटीत सांगितलं.

"मग वाटेवरचे चार खड्डे पाच-पाच हातावर कसे?"

मला कबूल करावं लागलं. ते चार आंब्यासाठी नव्हते. कुणी पडावं असं मनात नव्हतं. वाट वळावी एवढंच. उघडे ठेवले असते तर वळलीही असती. झाकले ते माझ्या वासरांच्या काळजीनं.

फैसला झाला. त्याचा पाय सांधेपर्यंत मी माझ्या बैलगाडीतून त्याला आणि पिंजणाला गावोगाव फिरवायचं. पाटील दोन महिने म्हणाले, मी भांडून दीडवर आणलं. पण राग गेला नाही. निकाल आंब्यावर लागला, तुरीचा प्रश्न कुणी सोडवलाच नाही! मग जिथं गाडी थांबे तिथं पारावर मी तो विचारी. एका गावात म्हणत बंद, पुढच्या गावात मोकळं. एकानं तर सांगितलं, तुरीला फूल असेल तर बंद, शेंग धरली की मोकळं.

"विचारा, शेठ, विचारा," पिंजारी मागून म्हणे, "पण बैल हाका. रजया वाट बघत्यात."

पुढं तो काठी टेकत चालू लागला. एका बाजाराच्या दिवशी त्याच वाटेच्या तोंडाशी येऊन थांबला. तूर तोवर काढून झाली होती.

"शेठ, आता तरी मोकळं का?"

"मोकळं. पण बघून चाला, चाचा."

"आता म्या कशाला बघू?" तो पाऊल टाकत म्हणाला. "बघायचं तुमी."

आणि मी त्याच्या पुढं झालो.