एकाच रंगाच्या साड्या

"सांग गो, यांतली तुजी पोर कंची?"

नाखवीण असं म्हणाली आणि मांडवातल्या बाया हसायला लागल्या. तिच्या लेकीची हळद. आमच्या कोळीवाड्यात हळदीला सगळ्या बाया एकाच रंगाच्या साड्या नेसतात, पोरींचे फ्रॉकही त्याच कापडाचे. मी तिच्याच होडीची मासळी सुकवणारी. आणि तिलाच तोंडावर विचारून बसले होते, "नाखवीण कुठं हाय?"

मला चेहरे ओळखता येत नाहीत. नाक, डोळे, ओठ सगळं दिसतं. माणूस कोण, ते काही लागत नाही. एरवी साडीवरून, चालीवरून, आवाजावरून भागवायची. त्या दिवशी साड्या सारख्या, आणि बेंजोपुढं आवाज कुणाचा ऐकू येणार?

"मालकिणीला ओळखत नाय! माजली हाय. पोरीला तरी ओळखते का बघू." तिनं चार पोरी ओळीत उभ्या केल्या. बेंजो थांबवला. "कुनी बोलायचं नाय."

मी काय केलं? हसले. तीस वर्षांची घोडी, दात काढून हसले आणि नाखवाच्या पुतणीचा हात धरला. शेजारची पोर मोठ्यानं रडायला लागली. रडण्यावरून कळलं, ही माझी.

पुढं आणखी शहाणी झाले. दिसेल त्याला हसायचं. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या नवऱ्याच्या सदऱ्यालाही हसले. तरी बाया तुटल्याच. दोनदा ओळख दिली नाही की तिसऱ्यांदा कोण थांबतं?

म्हातारपणी मोतीबिंदूसाठी अलिबागला गेले. चेहरे लागत नाहीत म्हटल्यावर डॉक्टरीणबाईनं खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "डोळ्यांचा दोष नाही, आजी. मेंदूला चेहरा जुळवता येत नाही. जन्मापासून असणार. एवढी वर्षं कसं निभावलंत?"

"हसून," मी म्हटलं. ते मात्र न हसता.

गेल्या उन्हाळ्यात त्याच घरची हळद. नाखवीण गेली, आता सून कारभारीण. समोर येऊन उभी राहिली. "म्हातारे, वलख बघू, मी कोन?" बाया हसायच्या तयारीत.

"नाव सांग. नायतर बाजूला हो."

"मालकिणीशी असं बोलतेस?"

"मालकीण हायस? मग आदी सांगायचं ना."

कुणी हसलं नाही. त्या घरचं बोलावणंही पुन्हा आलं नाही.

माझी लेक आता चाळिशी ओलांडलेली. अजून दारात आली की चपला काढायच्या आधी म्हणते, "आये, मी." लहानपणीच्या त्या हळदीपासून. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाकी ओट्यावर मी एकटीच. पावलं येतात, थबकतात, न बोलता पुढं जातात. जाऊ देत. ओळखून दाखवायची परीक्षा मी आता कुणापुढं देणार नाही. ज्याला मी हवी, त्यानं तोंड उघडावं.