खिडकी विचारणाऱ्या काकू

अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, आडून आडून नोकरी विचारतो. काकू यातलं काहीच विचारत नसत. त्या विचारत, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?" आणि उत्तर येईपर्यंत फोन मांडीवर ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून, समोरच्या भिंतीकडे बघत बसत. भिंत माझ्या शेडची होती आणि तिच्यावर मातीच्या शिंतोड्यांखेरीज काही नव्हतं. पण काकूंना तिथे काहीतरी दिसायला सुरुवात झालेली असे.

मी तेव्हा विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन मातीचे कप, वाट्या, बरण्या करत होते. आयटीतल्या नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा काढली होती. वर्षात या कामावर पोट भरता आलं तर नोकरी सोडायची, नाही आलं तर मुकाट्याने परत खुर्चीत जाऊन बसायचं, असं अकोल्याला आईबाबांना कबूल केलं होतं. दुकान घेण्याची ऐपत नव्हती. जे काही होतं ते फोनवरचं एक पेज. त्यावर पांढऱ्या कापडावर मांडलेल्या कपांचे फोटो, आणि ते बघणाऱ्या माझ्या मावसबहिणी, ऑफिसातले चार मित्र आणि आईच्या भिशीतल्या बायका.

काकू त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. दारातल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे रोज एक ताजं फूल, आणि फोन उचलला की पहिला शब्द "जयभीम, बोला". पहिल्यांदा शेडमध्ये आल्या त्या भांडायच्या तयारीने. "तुमच्या भट्टीचा धूर वर येणार का?" मी म्हटलं, भट्टी विजेची आहे, धूर नाही येत. "मग बसते," असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की त्यांची पावलं आपोआप खाली वळू लागली.

पेज त्यांच्या हातात गेलं ते माझे हात मातीत होते म्हणून. चाक फिरत होतं, फोन वाजला. काकूंनी उचलून वाचलं, "कुणी बाई विचारताहेत, निळा कप आहे का. काय लिहू?"

"हो लिहा."

"नुसतं हो?"

"मग काय, सगळे तेच तर करून राहिले, काकू."

"राहिले नाही, करताहेत. पुण्यात राहतात ते फक्त पाहुणे," काकू म्हणाल्या. माझं वऱ्हाडी त्यांच्या हाती सापडलं की त्या सोडत नसत. "आणि माणूस दाराशी आला तर नुसतं हो म्हणून दार लावायचं? थांब." मग एका बोटाने, बराच वेळ घेऊन त्यांनी लिहिलं : 'हो, आहे. आपण चहा कुठल्या खिडकीशी बसून घेता? तिथून काय दिसतं? – काकू.'

मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. पण संध्याकाळपर्यंत त्या बाईंचं लांबलचक उत्तर आलं. कात्रजला राहत होत्या. खिडकीतून डोंगराची एक कड दिसते आणि पहाटे प्राणिसंग्रहालयातल्या मोरांचा आवाज येतो. सासूबाई होत्या तोवर दोघी मिळून ऐकायच्या, आता एकटीच ऐकते, असं लिहिलं होतं. काकूंनी ते दोनदा वाचलं, डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "कड कुठल्या बाजूला असेल गं, उजव्या की डाव्या?" तेही विचारून झालं. डाव्या.

त्यानंतर प्रत्येकाला तोच प्रश्न. कप घेणाऱ्याला, नुसता भाव विचारून जाणाऱ्याला, आणि एकदा तर कर्ज देऊ करणाऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या मेसेजलाही. "काकू, तो माणूस नाही, मशीन आहे," मी म्हटलं. "असेल. मशीनसुद्धा कुठल्यातरी खोलीतच ठेवलं असेल ना," त्या म्हणाल्या आणि बरेच दिवस त्या उत्तराची वाट बघत राहिल्या.

लोक मात्र उत्तरं देत. आधी शब्दांत, मग फोटो पाठवू लागले. काकू ते पेजवर टाकत आणि खाली आपल्या वळणाचं एक वाक्य लिहीत. 'नाशिकच्या बाईंकडे आज धुकं आहे, समोरची टाकी दिसत नाही, पण ती आहे.' 'डब्लिनला पाऊस. तिथे रोजच असतो, त्यांना कौतुक नाही.' दुपारी चाकाची घरघर चालू असायची, पत्र्यावर उन्हाची कडकड व्हायची, आणि काकू अर्धवट पेंगत मला एकेक गाव सांगत जायच्या. त्या पुण्याबाहेर फारशा कुठे गेल्या नव्हत्या. पण त्या बोलू लागल्या की मलाही हातातली माती ओली आहे की कोरडी याचं भान राहत नसे. कुठल्यातरी परक्या गावात, परक्या स्वयंपाकघरात आपण उभ्या आहोत आणि बाहेर हळूहळू उजाडतंय, असं वाटायचं. त्या दुपारींइतकी शांत मी नंतर कधी झाले नाही.

रोहन नावाचा माझा ऑफिसातला मित्र अशा पेजांचं काम जाणणारा होता. मी बोलावल्यावरून तो आला, पेज वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "अगं, बेसिक प्रॉब्लेम आहे. फोकसच नाहीये. हे पेज खिडक्यांचं आहे की कपांचं? प्रॉडक्ट कुठेय?"

"प्रॉडक्ट त्या कपाटात आहे," काकू म्हणाल्या. "आपल्याला दाखवू का?"

रोहन समंजस होता, हसला. पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. रजेचे महिने सरत चालले होते आणि पेजवर स्क्रोल करावं तर निम्म्याहून अधिक खिडक्या. काकूंनी माझा चेहरा वाचला आणि स्वतःच म्हणाल्या, "महिनाभर ह्यांच्या पद्धतीने करून बघ. मी अर्जित रजेवर जाते. शिल्लक आहे माझी." आणि खरोखरच त्या खाली यायच्या थांबल्या.

रोहनने छान काम केलं. चाकावर वर चढणाऱ्या मातीचे व्हिडिओ, मागे चालतं संगीत, ग्लेझच्या लेपात बुडणारा कप. बघणारे कितीतरी वाढले. बदाम, टाळ्या, 'वॉव'. पण ते वॉव म्हणून पुढे जात. जुनी माणसं मात्र प्रत्येक व्हिडिओखाली एकच विचारत होती, काकू कुठे गेल्या? कात्रजच्या बाईंनी तर लिहिलं, 'त्यांना सांगा, मोरांना पिल्लं झाली.' मी जिना चढून वर गेले. काकूंनी दार उघडलं, निरोप ऐकला आणि चपला पायात सरकवता सरकवता म्हणाल्या, "रजा रद्द. हे आधी नाही का सांगायचं?"

एकदा लोणी काळभोरहून एका कॉलेजच्या मुलीने कप मागवला. काकूंच्या प्रश्नाला तिने उत्तर दिलं, 'आमच्या खोलीला खिडकी नाही.' काकूंनी फोन खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या पिशवीत कप गुंडाळून, छत्री घेऊन फाटकाशी उभ्या. म्हटलं, "काकू, कुरिअर आहे ना!" "कुरिअरवाला खिडकी बघणार आहे का?" असं म्हणून दोन बस बदलून त्या गेल्या. परतल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. "होती," त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. "खिडकी होती. घरमालकाने तिच्यापुढे लोखंडी कपाट लावलेलं. मी, ती मुलगी आणि मालकीणबाई, तिघींनी मिळून सरकवलं. बाहेर ऊस आहे गं. हा एवढा ऊस!"

त्या दिवशीच मला कळलं. काकू नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचं टेबल खिडकीशी होतं. पुढे फायली वाढल्या, कपाटं आली, आणि त्यातलं एक कपाट बरोब्बर त्यांच्या खिडकीवर उभं राहिलं. ते हलवण्याबद्दल त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं, पण साहेब बदलत गेले आणि कपाट तिथेच राहिलं. निवृत्त होईपर्यंत त्या कपाटाकडे तोंड करून बसल्या. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "पाऊस आला की कळायचं," म्हणाल्या. "लोकांच्या छत्र्यांवरून."

स्वतः मात्र त्या शेवटपर्यंत स्टीलच्या पेल्यातच चहा प्यायल्या. माझा कप पुढे केला की म्हणायच्या, "देखणा आहे. पण मला चहाच प्यायचाय, कौतुक नाही करायचं."

रजा संपत आली तेव्हा माझी झोप उडाली होती. मागण्या येत होत्या, पण कधी बऱ्या, कधी अगदीच ओढाताण. ऑफिसातून विचारणा झाली, परत कधी रुजू होताय? त्याच आठवड्यात काकू जिन्यातच धाप लागून बसल्या. हृदयाचं दुखणं होतं. मुलगी हैदराबादहून आली, दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले तर काकूंची खाट वॉर्डाच्या मधल्या रांगेत, समोर कोरी भिंत. त्या तिच्याकडे बघत पडून होत्या आणि या खेपेला भिंतीवर त्यांना काही दिसत नव्हतं, हे मला लगेच समजलं.

बाहेरच्या बाकावर बसून मी पेजवर लिहिलं : 'काकू दवाखान्यात आहेत. त्यांच्या खाटेवरून खिडकी दिसत नाही.' एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा फोन भरून गेला होता. कात्रजची कड, लोणीचा ऊस, नाशिकची टाकी, डब्लिनची ओली काच, आणि ज्यांनी काकूंच्या प्रश्नाला कधी उत्तर दिलं नव्हतं अशा कितीतरी जणांच्या खिडक्या. मी काकूंना चष्मा लावून दिला आणि एकेक दाखवत गेले. त्या बघत होत्या, मधूनच मान हलवत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता तू बघ."

"मी बघतेच आहे की."

"बाहेर नको बघू. बाहेरचं माझं आहे. तू कठड्यावर बघ."

मी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. प्रत्येक खिडकीच्या कठड्यावर माझा कप होता. कुठे त्यात चहाचा तळ सुकलेला, कुठे दात घासायचे ब्रश उभे, कुठे पुदिना लावलेला. एकाचा कान तुटला होता आणि कुणीतरी जाडसर डिंकाने, अगदी वाकडा, परत चिकटवला होता. वर्षभर असे फोटो माझ्या डोळ्यांपुढून जात होते आणि मला वाटत होतं की त्यांत माझं काहीच नाही. पांढऱ्या कापडावरचे कप मी केलेले होते. हे कप त्या माणसांचे झाले होते.

"काकू, मी नाही जात परत ऑफिसला."

"अर्ज दिलास का?"

"अजून नाही."

"मग दे. तोंडी काही खरं नसतं," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी त्यांच्याशी बोललेलं ते शेवटचं. अर्ज मी त्याच दिवशी दिला, पण ते सांगायला गेले तोवर त्यांना शुद्ध राहिली नव्हती, आणि मग त्या गेल्याच. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरं बिऱ्हाड आहे. भली माणसं आहेत. त्यांना बघितलं की मला उगाचच राग येतो.

शेड चालू आहे. पेजही मीच बघते. बरेच दिवस मी सगळ्यांना नुसतं 'हो, आहे' असं लिहीत होते. काकूंचा प्रश्न विचारायला बोटं धजत नव्हती. परवा एका बाईंचा बऱ्याच काळाने मेसेज आला : 'मोठी बरणी आहे का? आणि काकू कशा आहेत?' त्यांना माहीत नव्हतं. मी हात पुसून घेतले आणि लिहिलं, 'काकू गेल्या. बरणी आहे. तुमच्या खिडकीतून आत्ता काय दिसतंय?'

मग उत्तर आलं : 'समोरच्या गच्चीवर एक बाई मोठी चादर वाळत घालतेय. वारा खूप आहे आणि दुसरं टोक धरायला कुणी नाही. सारखी निसटतेय. थांबा. हं, घातली तिने.'