ग्रिझेल मावशीनं न घेतलेली किल्ली

गोठ्याच्या भिंतीआडून मी ते भांडण ऐकलं तेव्हा बारा वर्षांची होते. आम्ही राबायचो ते बर्नफूटचं शेत मालकानं विकलं होतं. घेणारा बिल्डर मॅकिलरेथ माझ्या ग्रिझेल मावशीला बजावत होता की शेत माझं, तर मधली पायवाटही माझीच.

मावशीनं धार काढणं थांबवलं नाही. "सतरा वर्षं आम्ही कुणाला न विचारता चालतोय. आणखी तीन झाली की कायद्यानं वाट सगळ्यांची. तुमच्या वकिलाला विचारा."

"आणि चालणार कोण? गडी तर सगळे निघाले."

"मी आहे की."

ती वाट गेली असती तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना चर्चला जायला दोन मैलांचा वळसा पडला असता. मावशी रोज सकाळी त्याच वाटेनं जाऊन चर्चची घंटा वाजवणाऱ्या टॅम गोवनला किटलीतून दूध पोचवायची. गाई विकल्या गेल्यावर दुकानातून विकत घेऊन पोचवू लागली. टॅमला दूध फारसं आवडायचं नाही, पण तो रोज घ्यायचा.

बटाट्याच्या सऱ्यांवर एकेक बंगला उठला. तिसऱ्या हिवाळ्यात मॅकिलरेथनं वाटेवर फाटक घालून कुलूप ठोकलं. मावशी त्रेसष्टची, गुडघा सुजलेला. रोज फाटकावर चढून पलीकडे उतरायची.

वीस वर्षं भरायला नऊ दिवस उरले आणि बर्फ पडलं. त्या सकाळी मी तिला धरून नेलं. फाटकाशी मॅकिलरेथ उभा होता, हातात किल्ली.

"बाई, पडाल. ही खास तुमच्यासाठी करून घेतलीय. हवं तेव्हा ये-जा करा."

इतका गोड बोलला की मी हात पुढे केला. मावशीनं फाडकन माझ्या हातावर मारलं.

"किल्ली घेतली की मी त्याच्या परवानगीनं चालले असं होतं, पोरी. मग सगळी वर्षं पाण्यात." आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "जरा किटली धरा, मॅकिलरेथ. मला चढायचंय."

फळ्यांवर बर्फ गोठलेलं. तिचा पाय एकदा सटकला. पण उतरली पलीकडे. त्यानं फाटकावरून किटली तिच्या हातात दिली.

वीस वर्षं भरली आणि वाटेचं प्रकरण कोर्टात गेलं. तिथं मॅकिलरेथला विचारलं, बाई चालताना तुम्ही कधी पाहिलंत का? शपथ घेतलेली, काय करतो बिचारा. किल्ली न घेता चढली, किटली मीच धरली होती, म्हणाला. वाट सगळ्यांची ठरली, फाटक निघालं.

अकरा वर्षांनी मावशी गेली. त्या सकाळीही तिनं दूध घेतलं, बंगल्यांच्या कुंपणांमधून चालत गेली, फाटक होतं तिथं सवयीनं झगा जरा वर धरला, टॅमच्या पायरीवर भरली किटली ठेवली आणि कालची रिकामी उचलली.