आईची दोन नावं

आईचा आयकराचा परतावा दोन वर्षं अडकला होता, कारण सरकारदरबारी माझी आई म्हणजे दोन बायका होत्या. पॅन कार्डावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं. जन्मतारखेसाठी शाळेच्या दाखल्याशिवाय दुसरा कागदच नव्हता, तेव्हा आधारवाल्याने दाखल्यावरचं नाव टिपून घेतलं आणि आम्ही कोणी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तरी काही वाटलं नसतं. आमच्या घरात तिच्या पिढीतल्या प्रत्येक बाईला दोन नावं आहेत. मग दोन्ही कार्डं जोडायची वेळ आली, ती जुळेनात आणि पॅन बंद पडलं.

मी ठाण्याहून डोंबिवलीला जायचे, आईला रिक्षात बसवायचे आणि कल्याणच्या आयकर कार्यालयात न्यायचे. तिथले साहेब सभ्य होते. "हे आमच्याकडे होत नाही, मॅडम. पॅन सेंटरला जा." कोपरच्या सेंटरवरचा माणूस म्हणाला, "दोन्ही नावं एकाच बाईची आहेत याचं प्रूफ आणा. मॅरेज सर्टिफिकेट आहे?" लग्न कधी नोंदवलंच नव्हतं, आणि आता नोंदवायचं तर नवरा हजर लागतो. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. "मग लग्नपत्रिका आणा, चालेल."

पत्रिका आईने शालूच्या घडीत जपून ठेवली होती. ती घेऊन गेलो. त्याने वरून खाली वाचली. "यात सासरचं नाव कुठाय?"

कुठे असणार? पत्रिका छापली तेव्हा ते नाव नव्हतंच. बाबांनी ते लग्नात, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं. त्या तांदळाचा पुढे भात झाला असेल. म्हणजे पुरावा आम्ही खाऊन बसलो होतो. मला हसू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच आलं नाही. "बरं," म्हटलं आणि पत्रिका पर्समध्ये ठेवली.

शेवटी एकच वाट उरली: राजपत्रात नाव बदलल्याची नोंद. एक नाव ठेवायचं, एक सोडायचं. आईच्या डायनिंग टेबलावर मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "आधार बदलून टाकू. बँक, पेन्शन, सगळं सासरच्या नावावर आहे."

"नको. माहेरचं ठेव."

"अगं आई, मग बँकेपासून सगळं पुन्हा करावं लागेल!"

"करू."

"बाबांनी दिलेलं नाव ना ते?"

"दिलं आणि विसरले. पन्नास वर्षांत एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. 'अगं, ऐकलंस का', एवढंच. ते नाव फक्त बँकेतल्यांनी वापरलं. माहेरचं माझ्या आईने ठेवलेलं."

फॉर्मवर दोन रकाने होते. 'जुने नाव'मध्ये मी सासरचं टाकलं. 'नवीन नाव'मध्ये चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीचं.

"एकदा हाक मार बघू," आई म्हणाली. "दादा गेल्यापासून त्या नावाने कोणी हाक मारलेली नाही."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. आईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तरी मारली.

"ओ," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझे कोरडेच राहिले, पण मी आणखी एकदा हाक मारली.