सुनेच्या हातचा भात

पत्रातनं का होईना, जवळ सरक पोरी. किती दिवस तोंड दाखवलं न्हाईस! आज इंद्रायणी भाताचा वास सुटला नि कान्हे गावच्या माझ्या जाऊबाई आठवल्या. लेकीच्या हाताला गोडी, सुनेचा भात बेचव, असं त्या चारचौघांत म्हणायच्या. सून बिचारी मान खाली घालून ताटावरनं उठायची. लेकीचीच पोरगी कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी, ती म्हणाली, “आजी, नुसतं वाटून काय, तपासू की!” तिनं दोघींचा भात सारख्याच वाट्यांत, कुणाचा कुठला ते न सांगता वाढला. “हा गोड, हा माझ्या लेकीचा!” जाऊबाई म्हणाल्या. निघाला सुनेचा! “एकदा चुकून होईल,” म्हणत नातीनं वाट्या बदलून पुन्हा पुन्हा चाखवलं, तरी आवडला सुनेचाच. सून म्हणाली, “आत्याबाई, वन्संना पाठवा माझ्याकडं शिकायला!” जाऊबाईंना हसून हसून ठसका लागला, “व्हय गं, वाढ आणखी.” त्या दिवशी सून आमच्या पंगतीत पोटभर जेवली. अजून आठवलं की मी एकटीच हसते बघ; लवकर ये, दोघी मिळून हसू.