डावीकडचा ठेचा

माझा थोरला भाऊ धुरकरी होता. म्हणजे शंकरपटात दुसऱ्यांच्या बैलजोड्या पळवायचा, तोच त्याचा धंदा. स्वतःच्या गोठ्यात एक शेपूट नव्हतं. पण नांदगाव खंडेश्वरपासून अकोल्यापर्यंत ज्या देशमुखाला आपली जोडी पहिली यावी असं वाटे, त्याचा निरोप दादाला यायचा. बैल नसले तर घोडा. बडनेरा स्टेशनावरचे टांगेवाले त्याच्याशी अमरावतीपर्यंत पैज लावायचे आणि हरले की त्यालाच पान खाऊ घालायचे. छकडा, दमणी, टांगा, दोरीनं चालणारं काहीही त्याच्या हाती आलं की वारा प्यायचं.

मी लग्न होऊन बडनेऱ्याला होते. नवरा रेल्वेत, पदरात एक पोरगी. मला मेलीला जन्माची खोड, कोणी काही लपवतंय असा वास आला की पिच्छा सोडायचा नाही. आणि दादाचं एक मला उमगत नव्हतं. पटात दोन जोड्या शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून सुटतात. दादा डावी पट्टी मिळाल्याशिवाय कासऱ्याला हात लावत नसे.

"दादा, तुले डावीच पट्टी काहून पाह्यजे?"

"डावीकडं मारुती रायते."

पुढच्या पटाला पुन्हा विचारलं, तर म्हणे उजवीकडे बायका बसतात, बैल लाजतात. "अन् तू?" "मी त लयच लाजतो." घ्या! अशा माणसाच्या तोंडी कोण लागणार?

दुसरं कोडं जेवणाचं. पट झाला की तो माझ्याकडे जेवायला यायचा. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा आणि उजवीकडे भाजी, ही सगळ्यांचीच रीत. दादा उजवीकडचं चाटूनपुसून खायचा आणि डावीकडच्या ठेच्याला बोट लावायचा नाही. लहानपणी ठेच्यासाठी माझ्याशी मारामारी करणारा माणूस! सासूबाई म्हणाल्या, "नवसाचा सोडला असंन." मला ते पटलं. येडीच मी.

मग अमरावतीच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी मोटार लॉरी आणली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि आमच्याकडे मोटार दिसली की लोक हातातलं काम टाकून बघायला धावायचे. ही लॉरी अमरावती-अकोला माणसं नेणार होती. चालवणार कोण, तर शेठजींना दादाशिवाय नाव सुचेना. तो महिनाभर एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला. अंगावर खाकी कोट आला. पटात पडून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या, वय उतरत होतं. म्हातारपणाची सोय झाली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी तो रिकामी लॉरी घेऊन माझ्या दारापर्यंत आला. मिस्त्री मागे पेंगत होता. मी ओट्यावर उभी. रस्त्याच्या डाव्या कडेनं एक दूधवाली डोक्यावर चरवी घेऊन चालली होती, भर उन्हात. लॉरी तिच्यावरच चालून आली. बाई नालीत उडी मारून वाचली, दूध सांडलं, आणि तिनं आमच्या सात पिढ्या काढल्या.

दादा उतरून म्हणाला, "कोण बोंबलते वं?"

तो खोटं बोलतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक होतं. तो खोटं बोलत नव्हता.

मिस्त्री स्टेशनावर चहाला गेला. मी ताट वाढायला घेतलं आणि हात थबकला. ठेचा उजवीकडे वाढला. दादानं पहिला घास त्यालाच लावला. "बाई, आज ठेचा केला तं! किती वर्सानं!" रोज पाट्यावर वाटत होते मी! मी त्याच्या डाव्या डोळ्याजवळ हात हलवला. पापणी लवली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

घास तसाच हातात राहिला. "शेजारच्या धुरकऱ्याच्या चाबकाची वादी लागली. लय वर्स झाले. तवापासून डावी पट्टी, बाजूची जोडी उजवीकडं दिसाले पाह्यजे."

"सांगितलं काहून नाई?"

"काण्याच्या हाती जोडी कोन देईन? सकाळी तोंड दिसलं तरी लोक वापस फिरतेत." मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "बैलाइले चार डोये असतेत, बाई. घोड्याले दोन. मले एक पुरला."

"अन् मोटारीले?"

"दिवे हायत," तो हळूच म्हणाला.

"उद्या अकोल्याले कितीजण हायत?"

"अकरा."

"बारावी मी. पोरीले मांडीवर घेऊन तुह्या डावीकडं बसतो."

"तू नको," तो पटकन म्हणाला.

असा संताप आला मला! "मी नको, अन् ते अकरा चालतेत? त्याइच्या घरी कोनी वाट पाहत नाई?"

त्यानं हातातला घास खाली ठेवला. ताटात हात धुतला. लॉरी मिस्त्रीनं परत नेली, दादा मागच्या फळीवर बसून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं कोट शेठजींना परत दिला. कारण सांगितलं की पेट्रोलच्या वासानं डोकं धरते.

अमरावतीभर हसू झालं. पटाचा वाघ मोटारीले भ्याला! आमच्याच घरी पाहुण्यांसमोर माझा नवरा नाकाला उपरणं लावून दादाची नक्कल करत होता, आणि दादा त्याच पंगतीत बसून सगळ्यांबरोबर हसत होता. एका शब्दानं मी सगळ्यांची तोंडं बंद केली असती. तो शब्द पार जिभेवर आला. दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भ्याडाला जोडी मिळते, काण्याला नाही.

मी शब्द गिळला आणि त्याच्या ताटात ठेचा वाढला.

"अवं, ठेचा डावीकडं वाढतेत," सासूबाई म्हणाल्या.

"आमच्या माहेरी उजवीकडंच वाढतेत," मी म्हणाले.